पाणी कृष्णेचंच... बाप्तिस्मा कुणाचा?

ती मिरजेची, तो साताऱ्याचा. दोघंही मराठी, दोघंही ख्रिश्चन, दोघंही पुण्यात आयटीत. मग लग्नात अडचण कसली? अहो, अडचण तिथंच तर होती!

शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच. कॅन्टीनमध्ये मशीनची कॉफी, वीकेंडचे प्लॅन्स आणि मध्येच तिची अनाउन्समेंट, ‘मी लग्न करतेय!’ टेबलावर एकच कल्ला. मुलगा कोण, कुठला, कधीपासून, पार्टी कुठे... सगळं विचारून झाल्यावर आमच्यातल्या एकाने अगदी मनापासून म्हटलं, ‘चला, बरं झालं! तोही ख्रिश्चनच ना? म्हणजे घरी काही टेन्शन नाही!’

तिनं कप खाली ठेवला आणि कपाळावर हात मारला. ‘तो हिंदू असता ना, तर एकदाच भांडण झालं असतं. आता तीन-तीनदा होतंय!’

नाव छापू नकोस म्हणाली, म्हणून आपण तिला मिरजकर म्हणू या आणि त्याला सातारकर. मिरजकरचं घर सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. सातारकर रोमन कॅथलिक. त्याचे आजोबा गोव्याहून पाचगणीला नोकरीसाठी आले आणि तिथलेच झाले. आणि मिरजकरचा सख्खा मामा, ज्याच्या अंगाखांद्यावर ती वाढली, तो दहा-बारा वर्षांपूर्वी पेन्टेकोस्टल चर्चमध्ये गेलेला. त्याच्या भाषेत ‘बिलिव्हर’ झालेला. एकाच लग्नात तीन चर्चेस!

आपल्याकडे ऑफिसात काय असतं, एक जण ‘ख्रिश्चन’ कळला की आपण त्याला पंचवीस डिसेंबरला केक मागतो आणि विषय संपतो. तो कॅथलिक की प्रोटेस्टंट हे विचारायचं आपल्याला सुचतही नाही. मलाही सुचलं नव्हतं. त्या लग्नाच्या निमित्ताने जे कळत गेलं, ते हे.

तीन घरं, तीन उत्तरं

सुरुवात झाली एका साध्या कागदापासून. सातारकरच्या फादरनी मिरजकरकडे बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. ती म्हणते, ‘मला वाटलं, आता म्हणणार परत घे बाप्तिस्मा, आमच्या पद्धतीनं.’ पण तसं झालं नाही. ती तीन महिन्यांची असताना मिरजेच्या पाळकांनी तिच्या कपाळावर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं पाणी ओतलं होतं. कॅथलिक चर्चला एवढं पुरतं. पाणी हवं आणि ते तीन नावांनी हवं. कुणी ओतलं, कुठल्या चर्चमध्ये ओतलं, हा प्रश्न नंतरचा. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो, तो झालेला आहे, विषय संपला.

घरी येऊन तिनं आनंदानं हे मामाला सांगितलं आणि मामा शांतपणे म्हणाला, ‘पण बाळा, तुझा बाप्तिस्मा झालेलाच नाही.’

मामाचं म्हणणं समजून घ्यायला हवं, कारण ते हट्टीपणातून आलेलं नाही. त्याच्या चर्चप्रमाणे आधी विश्वास, मग पाणी. तीन महिन्यांचं बाळ कशावर विश्वास ठेवणार? त्याचाही बाप्तिस्मा लहानपणी त्याच मिरजेच्या चर्चमध्ये झाला होता. पण चाळिशीत तो सांगलीला कृष्णेत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला, पाळकांनी त्याला पाठीवर झुकवून पूर्ण बुडवून वर काढलं आणि त्याच्या हिशेबात त्या दिवशी त्याचा पहिला आणि एकमेव बाप्तिस्मा झाला. त्याची आई, म्हणजे मिरजकरची आजी, तेव्हा आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. तिचं दुखणं वेगळंच होतं. ‘मी तुला मांडीवर घेऊन चर्चमध्ये उभी होते, ते काय खोटं होतं?’

लहान बाळाचा बाप्तिस्मा करणारे म्हणतात, देवाची कृपा माणसाला कळण्याच्या आधीपासूनच त्याच्यावर असते, आपण फक्त ती मान्य करतो, आणि मूल मोठं होईपर्यंत आईवडील व मंडळी त्याच्या वतीने जबाबदारी घेतात. मोठेपणी मुलाने स्वतःच्या तोंडाने हो म्हणायचं, त्याला दृढीकरण म्हणतात. बुडवून बाप्तिस्मा करणारे म्हणतात, दुसऱ्याच्या वतीने विश्वास ठेवता येत नाही. दोघांकडे बायबलची वचनं आहेत, दोघांकडे काही शतकांचा इतिहास आहे. सोळाव्या शतकात युरोपात मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्यांना कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही राजवटींनी ठार मारलं होतं, कित्येकांना तर मुद्दाम पाण्यात बुडवून! त्या मानाने आजीचा आठवडाभराचा अबोला स्वस्तातच पडला म्हणायचा.

गंमत म्हणजे पाणी सगळीकडे एकच. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा वाईवरून, साताऱ्याजवळच्या माहुलीवरून, कऱ्हाडवरून सांगलीला येते. नळाला येवो की घाटावर वाहो, नदी तीच.

आधी कोण पोचलं?

आता तुम्ही विचाराल, मिरजकरचं घराणं प्रोटेस्टंटच का? कुणी विचार करून निवडलं होतं का? सरळ उत्तर आहे, नाही. तिकडे आधी जो मिशनरी पोचला, त्याचं चर्च ते आपलं चर्च!

सातारा संस्थान इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केलं आणि १८४९ मध्ये तिथं अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं सुरू झालं. हे लोक मुख्यतः काँग्रिगेशनल पंथाचे. खाली कोल्हापुरात १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर नावाचे मिशनरी पोचले. तेही आधी त्याच अमेरिकन बोर्डाचे, नगरला काम केलेले. पण पुढे बोर्डाशी त्यांचं बिनसलं. हेड ऑफिसने कोल्हापूरचं काम बंद करायचं ठरवलं, तर हे महाशय १८६१ मध्ये स्वतःच्या हिमतीवर परत आले आणि जवळजवळ दशकभर एकट्यानं गाडा ओढला. १८७० मध्ये त्यांनी ते सगळं काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन बोर्डाच्या हवाली केलं. पुढे सांगली-मिरजेपर्यंत जे मिशन पसरलं, ते म्हणून प्रेस्बिटेरियन. म्हणजे बघा, एका माणसाचं त्याच्या हेड ऑफिसशी वाजलं आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या कितीतरी कुटुंबांचा पंथ ठरून गेला! (अप्रेझलच्या सीझनमध्ये हे जरूर आठवावं.)

प्रोटेस्टंट मिशन्सनी पुढे इलाके वाटून घेतले. एखाद्या डिस्ट्रिब्युटरशिपसारखंच, माझ्या एरियात तू यायचं नाहीस, तुझ्यात मी येणार नाही. कॅथलिक या वाटपात नव्हते, ते आपापल्या वाटेनं आले. कधी लष्करी छावण्यांबरोबर, कधी शाळांबरोबर, कधी सातारकरच्या आजोबांसारखे गोव्याहून पोटापाण्यासाठी.

मिरजेचा तर सगळा चेहराच या इतिहासाने बदलला. डॉ. विल्यम वानलेस हे मूळचे कॅनडाचे डॉक्टर १८८९ मध्ये आले, आधी सांगलीला दवाखाना चालवला आणि १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं केलं. आज आपण मिरजेला ‘डॉक्टरांचं गाव’ म्हणतो, त्याची सुरुवात तिथून. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. १९२८ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. मिरजकरचे पणजोबा त्याच हॉस्पिटलात कंपाउंडर होते. तिच्या घरी धर्म आणि औषधाचा वास एकत्रच येतो, असं ती म्हणते.

बरं, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन यांत फरक काय? मला वाटलं होतं, देवाबद्दल काहीतरी भयंकर मतभेद असणार. तसं नाही. मुख्य फरक आहे कारभाराचा. काँग्रिगेशनल म्हणजे आपली ग्रामसभा. प्रत्येक मंडळी आपली आपण मालक. पाळक कोण हवा, वर्गणी कशी खर्चायची, सगळं तिथले सभासद ठरवणार, वर कुणी साहेब नाही. प्रेस्बिटेरियन म्हणजे सहकारी साखर कारखाना! सभासदांनी निवडलेले ‘वडील’, त्यांची समिती, त्यावर विभागाची समिती. आणि अँग्लिकन वा कॅथलिक म्हणजे कलेक्टर कचेरी. वर बिशप बसलेले, सह्या त्यांच्या. सातारा-सांगलीच्या माणसाला हे तिन्ही प्रकार समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत!

नागपूरची मोट

ही वेगवेगळी दुकानं एकत्र आणायचे प्रयत्न इथं बरेच आधी सुरू झाले. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल एक होऊन ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ झालं. म्हणजे साताऱ्याची ग्रामसभा आणि सांगलीचा कारखाना एका बोर्डाखाली आले. पण मोठी मोट बांधायला आणखी सेहेचाळीस वर्षं लागली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चेस एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं. या युनायटेड चर्चबरोबर त्यात अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, ब्रदरन होते, डिसायपल्स होते आणि ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्टही. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट मात्र त्याच वर्षी, अगदी शेवटच्या टप्प्यावर, बाहेर पडले. लग्नपत्रिका छापून झाल्यावर मुलीकडच्यांनी नाही म्हणावं, तसं.

सगळ्यात अवघड गाठ कुठली होती, सांगा पाहू? मामा आणि आजीचीच! बाप्टिस्ट आणि ब्रदरन मोठेपणीच बाप्तिस्मा देणारे, बाकीचे पाळण्यातच. वाटाघाटी १९२९ मध्ये सुरू झाल्या होत्या, तेव्हापासून हा प्रश्न पाठ सोडत नव्हता. शेवटी सीएनआयने दोन्ही रीती मान्य केल्या. ज्यांना हवं त्यांनी बाळाचा बाप्तिस्मा करावा. ज्यांना नको त्यांनी बाळाला मंडळीपुढे आणून देवाला समर्पित करावं आणि मोठेपणी त्याला ठरवू द्यावं. एकाच छताखाली दोन्ही. ऐकायला सोपं वाटतं, पण इतर देशांतल्या चर्चेसना हे जमायला फार कठीण गेलं आहे. मला विचाराल तर मिरजकरच्या मामाला बाहेर जायची गरजच नव्हती. पण मामा म्हणतो, ‘पाण्याचं सोड, तिथं मला झोप यायची. इथं मी रडतो, हसतो, टाळ्या वाजवतो.’ यावर आपण काय बोलणार?

साताऱ्यातला बंडखोर

हा सगळा गोंधळ ज्याला शंभर वर्षांपूर्वी खटकला होता, तो माणूस साताऱ्यातच येऊन राहिला होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक! शाळेच्या पुस्तकात कविता होती म्हणून आपल्याला नाव माहीत, फुलं आणि मुलं यांचे कवी म्हणून. पण त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांची गोष्ट पुस्तकात नव्हती.

टिळक कोकणातल्या ब्राह्मण घरातले. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आकाश कोसळलं. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली. काही वर्षं ताटातूट झाली, मग दोघं एकत्र आली तरी चुली वेगळ्या. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला, पण नवऱ्याच्या मागून फरपटत नव्हे, स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर. ‘स्मृतिचित्रे’ वाचलं नसेल तर या वीकेंडला सुरुवात कराच. दोन धर्मांत संसार कसा चालतो, यावर त्याच्याइतकं खरं आणि त्याच्याइतकं हसवणारं मराठीत दुसरं पुस्तक मला तरी माहीत नाही.

टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये कामाला होते. १८४२ साली निघालेल्या ‘ज्ञानोदय’चे ते संपादक. पण त्यांना मिशनची चौकट टोचत होती. ख्रिस्त आशियातला, मग त्याची भजनं विलायती चालीवर कशाला? त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. आणि १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला.

या दरबारात कुणाला प्रवेश? ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो! चर्च काँग्रिगेशनल की प्रेस्बिटेरियन की अँग्लिकन, हा प्रश्न नाहीच. ज्या दारात चर्चेस शतकानुशतकं अडखळत होती, ते दारच त्यांनी बिजागरीतून काढलं. मिशनमधल्या अनेकांना हे पटणं शक्यच नव्हतं, आणि त्यांचीही बाजू होती. बाप्तिस्मा घेतल्यामुळे ज्यांना गावानं वाळीत टाकलं, विहीर बंद केली, त्यांना ‘तो घेतला नाही तरी चालतं’ हे ऐकून काय वाटलं असेल? टिळकांना वेळ फार मिळाला नाही. मे १९१९ मध्ये ते मुंबईत गेले आणि दरबारही फार टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं अर्धवट राहिलेलं महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

त्याच पिढीतल्या पंडिता रमाबाईंचीही हीच तक्रार होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्रैक्याच्या सिद्धांतावरून त्यांनी तिथल्या मंडळींना असे काही प्रश्न विचारले की त्या हैराण झाल्या. एका पंथाचा शिक्का त्यांनी स्वतःवर कधी नीट बसूच दिला नाही. आपल्याकडचे लोक मिशनऱ्यांनी दिलं ते मुकाट घेत होते, असं वाटत असेल, तर ते साफ चूक आहे.

बाकावर एकटीच

तर आपण लग्नाकडे येऊ. एंगेजमेंटनंतर एका रविवारी मिरजकर सातारकरबरोबर मिस्सेला गेली. सगळं ओळखीचं वाटत होतं. प्रार्थना, वाचन, प्रवचन. मग भाकर आणि द्राक्षारसाची वेळ आली, लोक रांगेत उभे राहिले, सातारकरही उठला आणि ती बाकावर एकटीच राहिली. ‘इतकं अवघडल्यासारखं झालं! लहानपणापासून जे घेतेय, तेच इथं मला चालत नाही?’

कॅथलिक श्रद्धेप्रमाणे अर्पण झाल्यावर ती भाकर भाकर उरत नाही. दिसायला तीच, चवीला तीच, पण ते खरोखर ख्रिस्ताचं शरीर असतं. म्हणून ती घेणं म्हणजे आपण या चर्चशी पूर्णपणे एक आहोत, असं जाहीर करणं. जो एक नाही त्यानं ते कसं म्हणावं? मिरजकरच्या चर्चमध्ये त्याला प्रभुभोजन म्हणतात. तिथं ख्रिस्त आत्म्यानं हजर असतो, भाकर मात्र भाकरच राहते, आणि दुसऱ्या चर्चच्या सभासदालाही सहसा बोलावतात.

यावरून मोठमोठ्यांची फाटली आहे. १५२९ मध्ये जर्मनीत मारबुर्गला मार्टिन ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचे झ्विंगली समोरासमोर बसले. दोघंही रोमविरुद्ध उभे राहिलेले, दोघांनी एक व्हावं म्हणून बैठक. पंधरा मुद्दे होते, चौदा मान्य झाले. पंधरावा होता भाकरीचा. ‘हे माझं शरीर आहे’ यातला ‘आहे’ खराच ‘आहे’ की ‘सारखं आहे’? तिथं बैठक मोडली आणि प्रोटेस्टंट जन्मतःच दोन झाले.

सातारकरला हे सगळं माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की ती डोळे पुसतेय. पुढच्या रविवारपासून ती रांगेत जाते, पण हात छातीशी दुमडून. मग फादर भाकर देत नाहीत, आशीर्वाद देतात. तिला हे अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण बाकावर बसण्यापेक्षा बरं, म्हणते.

सहावी की सातवी?

बाकीचे फरक छोटे, पण संसारात छोटेच जास्त बोचतात! तिच्या घरातला क्रूस रिकामा, कारण ख्रिस्त उठला. त्याच्या घरातल्या क्रूसावर ख्रिस्त आहे, कारण त्यानं सोसलं ते विसरायचं नाही. त्याची आई रोज संध्याकाळी मरियामातेची जपमाळ म्हणते. तिच्या घरी मरिया म्हणजे येशूची आई, आदर पुष्कळ, पण प्रार्थना तिच्याकडे नाही. त्याच्याकडे फादर, ब्रह्मचारी. तिच्याकडे पाळक, आणि पाळकांची बायको म्हणजे मंडळीतलं मोठं सत्ताकेंद्र! त्याच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं, तिच्या ६६. दहा आज्ञासुद्धा वेगळ्या मोजतात. मूर्तीबद्दलची आज्ञा प्रोटेस्टंट स्वतंत्र धरतात, कॅथलिक पहिल्यातच घालतात, त्यामुळे पुढचे नंबर घसरतात. व्यभिचार करू नये ही तिची सातवी आज्ञा, त्याची सहावी. ‘नंबर कुठलाही असो, पाळ म्हणजे झालं,’ असं तिनं त्याला बजावलंय.

मंगळसूत्रावरून मात्र मामाशी वाजलं. मराठी ख्रिस्ती लग्नात काळे मणी आणि मध्ये छोटा क्रूस हे अगदी नेहमीचं. हळदही लागते. मामाच्या चर्चला दागिनाच मान्य नाही. कॅथलिकांना मंगळसूत्र चालतं, पण लग्न उपवासकाळात नको, म्हणजे ईस्टरच्या आधीचे सहा-सात आठवडे बाद. आणि आपला १८७२ चा ख्रिश्चन मॅरेज अ‍ॅक्ट सांगतो, लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळेत! रात्री लावायचं तर बिशपच्या खास परवान्याची सवलत कायद्यानं मोजक्याच चर्चेसना दिली आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या सरकारलासुद्धा कुठलं चर्च कुठलं, हे पक्कं ठाऊक होतं. कळत नाही ते आपल्याला!

पण का कळू नये? आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी अशा दोन तारखा येतात, तेव्हा आपण ‘सगळे हिंदू एकच, मग दोन कशाला’ म्हणतो का? सांगलीत तर जैनांची मोठी वस्ती. श्वेतांबरांचं पर्युषण आठ दिवसांचं. ते संपतं तेव्हा दिगंबरांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व सुरू होतं. स्त्रीला स्त्रीदेहातूनच मोक्ष मिळतो की नाही, यावर दोघांचं उत्तर वेगळं. श्वेतांबर हो म्हणतात, दिगंबर नाही. ही काही किरकोळ बाब नव्हे. तुमच्या शेजारच्या क्युबिकलमधल्या शहा आणि पाटील यांना एकाच दिवशी ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठवलंत, तर एक जण हसून सोडून देईल, इतकंच.

पाचगणीत हे सगळं एका टेकडीवर बघायला मिळतं. सेंट पीटर्स ही अँग्लिकन परंपरेतली शाळा, सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ पासून कॅथलिक नन्सची, १९४५ मध्ये सुरू झालेलं न्यू इरा हायस्कूल बहाई लोकांचं. ‘क्वीन’ बँडचा फ्रेडी मर्क्युरी शाळेत होता तो याच सेंट पीटर्समध्ये, फारुख बलसारा या नावानं. जन्मानं पारशी मुलगा, अँग्लिकन शाळेच्या कॉयरमध्ये गाणारा!

जे कुणी बोलत नाही

एक गोष्ट मात्र मिरजकर कॅन्टीनमध्ये बोलली नाही, नंतर पार्किंगमध्ये बोलली. तिच्या आईला ‘कॅथलिक’ या शब्दाची खरी भीती नव्हती. भीती होती गोव्याकडच्या घरात आपल्या मुलीला ‘कुठल्या समाजातून आलात’ असं विचारलं जाण्याची. दक्षिण महाराष्ट्रात आणि नगरकडे जी कुटुंबं मिशनकडे वळली, त्यातली पुष्कळशी गावकुसाबाहेरची. बाप्तिस्म्यानं नाव बदललं, शाळा मिळाली, दवाखान्यात नोकरी मिळाली, पण जात चर्चच्या दारात चपलांबरोबर राहिली नाही, आत आली. आणि कायद्याचीही गंमत बघा. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिश्चन आले नाहीत. म्हणून कित्येक घरं चर्चच्या वहीत एक आणि सरकारी कागदावर दुसरीच असतात.

पंथांच्या भांडणाबद्दल लोक तासन्‌तास बोलतात. याबद्दल नाही. मला तर कधी कधी वाटतं, ‘आमचं चर्च वेगळं’ हे बऱ्याचदा ‘आमची जात वेगळी’चं सभ्य भाषांतर असतं.

सातारकरच्या आईनं तो प्रश्न विचारलाच. मिरजकरनं सरळ उत्तर दिलं. थोडा वेळ शांतता होती म्हणे. मग सातारकरच्या आईनं विचारलं, ‘कंपाउंडर होते का तुझे पणजोबा? माझ्या सासूचं ऑपरेशन मिरजेलाच झालं होतं.’ आणि बोलणं तिकडे वळलं.

निकाल?

लग्न झालं, कॅथलिक चर्चमध्ये, बिशपच्या परवानगीनं, आणि संध्याकाळी सातच्या आत! मिस्सा ठेवली नाही, म्हणजे अर्धे लोक रांगेत आणि अर्धे बाकावर असा प्रसंगच आला नाही. फादरनी सुचवलेला हा मार्ग मला फार आवडला. मिरजेच्या पाळकांनी शास्त्रवाचन केलं. मंगळसूत्र घातलं. मामा शेवटच्या बाकावर येऊन बसला होता. टिळकांचं गीत सुरू झालं, तेव्हा सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता.

तुम्हालाही कधी असं आमंत्रण आलं, तर बिनधास्त जा. सगळे उभे राहिले की उभे राहा, बसले की बसा, भाकरीच्या रांगेत मात्र विचारल्याशिवाय शिरू नका. आणि ‘तुमचं कुठलं चर्च?’ हा प्रश्न खुशाल विचारा. त्याचा कुणाला राग येत नाही. उलट तासाभराची निश्चिंती!

आता मिरजकर मॅटर्निटी लीव्हवर गेली आहे. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी माझ्याकडून होईल ते सगळं करीन, असं वचन सातारकरनं लग्नाआधीच फादरना दिलं आहे. तिला सही करावी लागली नाही, फक्त तिला ते सांगण्यात आलं. पूर्वी दोघांनाही लिहून द्यावं लागायचं. तिची आई दर फोनला विषय काढते. मामा म्हणतो, ‘काही घाई करू नका, त्याला मोठं होऊ दे, तो ठरवेल.’

गेल्या आठवड्यात मिरजेहून कुरिअर आलं. त्यात एक पांढरं झबलं होतं, लेस थोडी पिवळी पडलेली. मिरजकरच्या बाप्तिस्म्याचं. बरोबर चिठ्ठी होती, धुऊन इस्त्री केलंय, जपून ठेव. कुठल्या चर्चमध्ये घालायचं, ते आईनं लिहिलेलं नाही.